रियाजाला खाडा

४ फेब्रुवारी

अप्पा,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बहुतेक शाळेत नव्हतो. म्हणून सरळच लिहितो. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ताईच्या हातात देता. पत्राचं तसं करू नका. आधी वाचा, मग हवं तर द्या.

मी बरा आहे. बाटल्यांचा कारखाना सोडला, आता गोदीत आहे. जहाज पाण्याबाहेर काढून उभं करतात, त्याच्या अंगाला फळ्या बांधतात, आणि आम्ही फळ्यांवर बसून हातोडीने त्याचा गंज उडवतो. मागून रंगवाले येतात. आवाज इतका की शेजारचा शिवी देतोय की पाणी मागतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. तुम्ही म्हणाल, हेही सोडशील. सोडेन कदाचित. अजून तरी सोडलेलं नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. ताई बोलता बोलता म्हणाली की तुमच्या खालच्या ओठाला आतून जखम झालीय आणि थंडी पडायच्या आधीपासूनची आहे. तेल महाग झालं हे सांगावं त्या सुरात तिने सांगितलं. मी विचारलं, दाखवली का कुणाला? तर म्हणते, "दाखवायचं काय त्यात? रियाजाची आहे." मीही हो म्हणालो आणि फोन ठेवला.

हो म्हणालो, कारण आपल्या घरात ओठाला जखम असणं ही बातमीच नाही. नसणं ही बातमी. संध्याकाळी ताटावर बसायच्या आधी तुम्ही माझा खालचा ओठ अंगठ्याने दुमडून उजेडाकडे करायचात. क्लॅरिनेट धरताना ओठ दातांवर घडी होतो, वरून वेताची पत्ती दाबते, आणि आतल्या बाजूला दातांची खूण उठते. खूण असली की रियाज झाला. नसली की खाडा. "आधी खूण, मग जेवण." मला अजून घास तोंडाकडे नेताना कधी कधी वाटतं कुणीतरी हनुवटी धरेल.

एकदा मी दिवसभर उनाडक्या करून आलो आणि दाराशीच ओठ चावून खूण पाडली. तुम्ही नुसतं बघितलंत. "खूण बाहेरून आहे, गाढवा. बाजा बाहेरून वाजवतोस काय?" ताई इतकी हसली की तिच्या हातची पळी खाली पडली. तेव्हापासून मी खाडेराव. सगळा बँड मला अजून तेच म्हणत असेल.

तर फोन ठेवल्यावर मी स्टोअरवर हातमोजे बदलायला गेलो. तिथे मामा असतो. सगळ्यांचाच मामा. त्याचा डावा जबडा कापून काढलेला आहे, त्यामुळे तोंड एका बाजूला बसलंय, आणि चहा तो नळीने पितो. शब्द अर्धे हवेत जातात. नवीन माणूस आला की स्वतःच सांगतो, "घाबरू नकोस, निम्म्या तोंडाचा आहे, ऐकायलाही निम्माच वेळ लागेल." त्याला मी तुमचं सहज सांगितलं. तो हातमोज्यांच्या जोड्या लावत होता. थांबला.

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

"आणि बाप अजून वाजवतोय?"

"रोज. खाडा नाही."

त्याने हातमोजे बाजूला सारले. त्याच्या गालाला आतून एक दात घासायचा, तिथे जखम होती. डॉक्टर म्हणाला होता, दात काढ आणि तीन आठवड्यांनी तोंड दाखव. घासणारी गोष्ट गेल्यावर भरली तर दाताची, नाही भरली तर दुसरं काहीतरी. मामाने दात काढला, दुखणं कमी झालं, आणि तोंड दाखवायला गेला नाही. "दाताचीच आहे असं मी ठरवून टाकलेलं," म्हणाला. "ठरवलं ना, की मग बघायला लागत नाही."

म्हणून अप्पा, तीन आठवडे वाजवू नका. एवढंच. क्लॅरिनेट पेटीत ठेवा आणि ओठाकडे बघा. भरली तर मला हवी ती शिवी द्या.

खाडेराव


१९ फेब्रुवारी

अप्पा,

तुमचा निरोप मिळाला. ताईने शब्द न बदलता सांगितला, वर विचारलं, "लिहून घेतोस का?" गरज नाही, पाठ झाला. "जन्मभर विश्रांती घेतलेल्याने मला विश्रांती शिकवू नये."

बरं लागलं. निदान माझ्याबद्दल काहीतरी बोललात.

मान्य आहे. रियाज सोडायला माझ्याइतकी कारणं कुणी शोधली नसतील. पत्ती फुटली, घसा बसला, पाऊस आहे, पाऊस नाही. आणि शेवटी तर भर मिरवणुकीत क्लॅरिनेट एका ओट्यावर ठेवून मी चालायला लागलो, तेही तुम्ही बघितलंत. तीन वर्षं झाली. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवा. पण मी आळशी आहे म्हणून तुमची जखम रियाजाची ठरत नाही ना?

तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. आजोबांनी आजीला पोचवून आल्यावर त्याच संध्याकाळी पत्ती ओली केली. ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, की लहानपणी मला वाटायचं आजीपेक्षा ती पत्ती मोठी होती. ओठ बसायला वर्षं लागतात आणि सुटायला आठवडा पुरतो. सुटलेला ओठ म्हणजे सूर घसरतो, वरचा स्वर किंचाळतो, रस्त्यावरची पोरं हसतात. तुमचं वय झालेलं. एकदा सुटला तर परत बसेल का, हीच भीती ना?

आणि दुसरी भीती अशी की बँडमध्ये क्लॅरिनेट एकच. तुम्ही थांबलात तर ऑर्डरी चौकापलीकडच्या बँडला जातील. त्यांचे कपडे आधीच आपल्यापेक्षा झकपक आहेत. ड्रमवाले काका म्हणायचे ना, "त्यांची बटणंच आपल्या ट्रम्पेटपेक्षा जास्त चमकतात."

गोदीत दर गुरुवारी एक डॉक्टरीण येते. कान तपासते, कारण आमचे सगळ्यांचे कान जातात. माझे बरे आहेत. थोडं एका बाजूला कमी येतं, पण ते सगळ्यांनाच. मी तिला तुमचं विचारलं. तिने आधी माझंच तोंड उघडायला लावलं. मग म्हणाली, "वडिलांना इथे आणता येईल?" मी म्हणालो, ते माझ्याशी बोलायला फोनवरही येत नाहीत. ती हसली नाही. "बाजा बंद," म्हणाली. "खरं म्हणजे आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. नाहीच ऐकत तर निदान बाजा बंद, आणि तीन आठवड्यांच्या वर एक दिवसही वाट बघू नका. वाजवत राहिले तर कुणालाच काही कळणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही."

हेच तर आहे. तुम्ही रोज तिथेच घासता आणि मग म्हणता, घासल्यामुळे आहे. कसं कळणार?

रागावून लिहिलंय असं वाटेल. रागावूनच लिहिलंय.

खाडेराव


११ मार्च

अप्पा,

एक उपाय सुचलाय. आधी पूर्ण वाचा, मग पत्र फाडा.

तुम्ही थांबायचं आणि मी येऊन वाजवायचं. मोठ्या ऑर्डरी नाहीत, पण अंत्ययात्रा, दुकानाचं उद्घाटन, शाळेचं काहीबाही, एवढं मला निभावता येईल. माझा ओठ सुटलाय हे खरं. म्हणून मी मागच्या महिन्यात ताईला सांगितलं होतं की माझी क्लॅरिनेटची जुनी मुखनळी पाठव. तुम्हाला सांगू नको असंही सांगितलं होतं. तिने स्वेटरमध्ये गुंडाळून पाठवली.

मागच्या आठवड्यात पार्सल मिळालं. मामा शेजारी उभा होता. "खाऊ आलाय का?" म्हणाला. मी म्हणालो, नाही, शिक्षा आलीय.

मुखनळी उघडली तर तिच्यावर नवी पत्ती बसवलेली. अप्पा, ताईला पत्तीतलं काही कळत नाही. तिने लहानपणी एकदा पत्तीने लोणी लावलं होतं पावाला. आणि ही पत्ती डाव्या कडेला जराशी घासून पातळ केलेली होती, माझा दात तिथे वाकडा आहे म्हणून तुम्ही करायचात तशी. स्क्रूसुद्धा पाऊण फेरा आवळलेला, पूर्ण नाही.

मी बराच वेळ ती हातात धरून बसलो. मामाला सांगितलं नाही काय झालं ते. तो म्हणाला, "रडायचं तर मास्क घालून रड, धूळ जाते."

जेवणाच्या सुट्टीत दोरखंडाच्या गोदामामागे बसतो आणि नुसती मुखनळी फुंकतो. तुम्ही मला सहा वर्षांचा असताना बसवायचात तसा. नुसता भुंग्यासारखा आवाज निघतो. पहिल्या दिवशी तर हवाच निघाली. गोदीतली पोरं विचारतात, "खाडेराव, भोंगा दुरुस्त होतोय का?" (नाव इथेही कळलं. मीच सांगितलं असणार.) फुंकून फुंकून गाल भरून येतात, ओठाचे कोपरे थरथरायला लागतात, आणि मग हातोडी हातात घेऊन पुन्हा फळीवर.

पण सूर स्थिर व्हायला लागलाय. मे महिन्यापर्यंत वाजवण्यासारखा होईन. मुकादम सुट्टी देईल असं वाटतं. नाही दिली तरी येईन.

तोवर तुम्ही थांबा. पत्ती पाठवलीत याचा अर्थ मी हो असा घेतलाय.

खाडेराव


२ एप्रिल

अप्पा,

ताईने सांगितलं. क्लॅरिनेट पेटीत गेलं, पेटी कपाटावर गेली. मला वाटलं थट्टा करतेय. म्हणाली, "अरे खरंच, वर धूळसुद्धा बसायला लागलीय." दोन ऑर्डरी काकांनी फक्त ट्रम्पेटवर भागवल्या, एक गेली पलीकडच्या बँडला. तरी तुम्ही थांबलात.

मी फोन ठेवून मामाला मिठी मारली. तो म्हणाला, "हळू, आहे तेवढं तरी राहू दे."

घरात शांत वाटत असेल ना? मला आठवतं तेव्हापासून पहाटेचे लांब सूर ऐकल्याशिवाय कुणी उठलेलं नाही. ताई म्हणते, तिला आता उठायला उशीर होतो. तुम्ही म्हणे सकाळी उठून सरळ बाहेर चालायला जाता. चांगलं आहे. गिरणीच्या बाजूला जात असाल, तिकडे झाडं आहेत. वेळ कसा घालवता? मी रियाज चुकवायचो तेव्हा मला वेळ पुरायचा नाही. तुम्हाला तो खायला उठत असेल. काकांबरोबर पत्ते खेळा, ते फसवतात तेवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट मला कधी बोलता आली नाही, आता तुम्हीच थांबलाय तर लिहितो. खाडा केला की मला आधी बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडायची भीती वाटायची. मग तिसऱ्या दिवशी अजून जास्त. मी कामं सोडतो ना, तेही असंच. एक दिवस गेलो नाही की परत जायला तोंड राहत नाही, मग दुसरं गाव. थांबून परत कसं यायचं हे आपल्या घरात कुणी दाखवलंच नाही. एकतर रोज, नाहीतर कायमचं. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हालाही कुणी दाखवलं नसणार.

तर हे तीन आठवडे आपण दोघेही शिकू. तुम्ही थांबायला, मी परत यायला.

रोज सकाळी ओठ बघताय ना? आरशात, उजेडाकडे करून. ताईला दाखवायची लाज वाटत असेल तर काकांना दाखवा. भरतेय का ते फक्त कळवा. एक शब्द चालेल.

खाडेराव


२० एप्रिल

काकांचा फोन आला होता.

ते पहाटे बंद गिरणीवरून चालले होते. आतून आवाज येत होता. त्यांना वाटलं मांजर अडकलंय. दार ढकललं तर तुम्ही, आणि क्लॅरिनेट, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडात कोंबलेलं फडकं. कपाटावर पेटी रिकामी होती, एवढे दिवस. ताई धूळ दाखवून खूश होत होती.

काका म्हणाले, जमिनीवर कागदाच्या घड्या पडल्या होत्या. लाल झालेल्या.

अप्पा, दातांवर कागदाची घडी ठेवून वाजवणाऱ्यांना तुम्ही काय म्हणायचात? "याला बाजा नको, याला पाळणा द्या." चौकापलीकडच्या क्लॅरिनेटवाल्याला तुम्ही भर रस्त्यात सगळ्यांसमोर हे म्हणालात. मी होतो तिथे. आणि तुम्ही गिरणीत लपून दातांवर कागद ठेवून वाजवत होतात.

म्हणजे किती दुखत असेल.

काकांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "थांबलो तर सुटेल." त्यांनी विचारलं, "आणि जखम?" तर म्हणालात, "जखम आहे म्हणजे ओठ अजून काम करतोय."

मी इथे दुपारी भुंग्यासारखा फुंकत बसलो आणि रोज मोजत होतो, आज अप्पांचा ओठ जरा भरला असेल. ताईला विचारत होतो, ती म्हणायची, "भरत नाही रे अजून, वेळ लागेल." आम्ही दोघं म्हणत होतो, म्हातारं शरीर आहे, वेळ लागेल.

माझ्या खाड्यांची चोरी तुम्ही एका नजरेत पकडायचात. तुमची चोरी पकडायला घरात कुणी नव्हतं.

काकांना मी सांगितलंय. उद्या तुम्हाला ते आणि ताई दवाखान्यात नेतील. नाही म्हणालात तर काका म्हणाले, उचलून नेईन, ड्रम उचलतो तसा. ते उचलतील. त्यांना मी ओळखतो.


९ मे

अप्पा,

ताईने कळवलं. तुकडा तपासायला पाठवला होता त्याचं उत्तर आलं.

तुम्हाला डॉक्टरांनी सगळं सांगितलं आहे असं ती म्हणाली. मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगितलंय की नाही, मला माहीत नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

मी निघालोय. हे गाडीच्या फलाटावर बसून लिहितोय. पत्र माझ्या नंतर पोचेल बहुतेक, पण हात रिकामे ठेवले की मला उठून चालावंसं वाटतं आणि आज कुठे चालत जायचं नाही. मुकादमाने सुट्टी दिली नाही. काम सुटलं. या वेळी मी सोडलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

मामा फाटकापर्यंत आला. खिशातून एक नळी काढून दिली, त्याची जादाची, वाकणारी. "पहिले महिने यानेच प्यायला सोपं पडतं," म्हणाला. "गरम देऊ नका, गार होऊ द्या. आणि आरसा लपवू नका. माझ्या घरच्यांनी लपवला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट असेल."

मग म्हणाला, "बापाला सांग, निम्मं तोंड पुरतं." आणि हसला. त्याचं हसणं कळायला वेळ लागतो.

नळी शर्टाच्या खिशात आहे, मुखनळीशेजारी.


१४ जून

अप्पा,

रविवारी भेटून आलो आणि लगेच पत्र लिहितोय म्हणून ताई हसतेय. "समोर होतास तेव्हा मुका झाला होतास," म्हणते. खरं आहे. तुम्ही बोलू शकत नव्हतात ते समजण्यासारखं होतं. मला काय झालं होतं?

वॉर्डात पट्टीवरून तुमचे फक्त डोळे दिसत होते. मी घरचं काय काय सांगत सुटलो. नळातून पाणी नीट येतंय, काकांचा गुडघा, असलं. बँडचं सांगायचं टाळत होतो. तर इथे सांगतो.

तुमच्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यात बेकरीवाल्याची आई गेली. काका आले आणि म्हणाले, "खाडेराव, उद्या आहे." मी म्हणालो, अजून ओठ बसला नाही. ते म्हणाले, "म्हातारी तर थांबली नाही." मग मी तुमचं क्लॅरिनेट घेतलं. पेटीत तुमची पत्ती होती, ती तशीच ठेवली, माझी लावली.

चांगलं झालं नाही. वळणावर वरचा स्वर किंचाळला, दोनदा. काकांनी त्यावर मुद्दाम ड्रम जोरात ठोकला. बेकरीवाल्याने नंतर हात जोडले आणि म्हणाला, "वडिलांसारखंच." त्याला काही कळत नाही, रडत होता बिचारा. पण मी ते ऐकून घेतलं. आणि त्या दिवसापासून मी लागलो, अप्पा. सकाळ-संध्याकाळ. पहाटेचे लांब सूर, तुमच्याच खोलीत. शेजारीण म्हणाली, "बरं वाटलं बाई, परत घड्याळ सुरू झालं." ओठ सुजला तरी थांबलो नाही. दुखायला लागलं तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. वाटलं, आता बसतोय. रविवारी येताना वाटेत जीभ सारखी तिथेच जात होती. तुम्हाला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं आणि तुम्ही बघावं असंही वाटत होतं.

तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं पाणी हवंय. नळी घ्यायला वळलो तर तुम्ही माझी हनुवटी धरलीत. तेही सलाइन लावलेल्याच हाताने. अंगठ्याने ओठ दुमडलात आणि मला खिडकीकडे फिरवलंत. सिस्टर ओरडली, "बाबा, हात हलवू नका!" तुम्ही ऐकलं नाहीत.

खूण होती. आतून. मोठी. जन्मात पहिल्यांदा मी तुम्हाला खरी, कमावलेली खूण दाखवत होतो. तुमच्याकडे बघत राहिलो. शाबासकीचीच वाट बघत होतो, दुसरं काय. पंचविशीचा घोडा.

तुम्ही किती वेळ बघत होतात. मग अंगठा काढलात. पाटी मागितलीत आणि लिहिलंत. अक्षर वाकडं आलं होतं, ताईला वाटलं तुम्ही काहीतरी खाली ठेवायला सांगताय, ती पिशवी उचलायला लागली. मला लगेच कळलं.

"खाली ठेव."

मी म्हणालो, अप्पा, शनिवारी ऑर्डर आहे. तुम्ही पाटीवर त्याच दोन शब्दांवर खडू परत फिरवलात. अजून एकदा फिरवलात. खडू तुटला.

घरी आलो आणि क्लॅरिनेट खाली ठेवलं. पत्ती काढून पुसून वाळत ठेवली. काकांना सांगितलं, शनिवारची ऑर्डर ट्रम्पेटवर करा नाहीतर पलीकडच्यांना द्या. पाटीवरचं सांगितलं तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले.

तीन दिवस घरात आवाज नाही. मला पळून जावंसं वाटतंय, पहिल्यासारखंच. पाय शिवशिवतात. फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. पेटी कपाटावर ठेवलेली नाही, टेबलावर समोर ठेवलीय, उघडी, म्हणजे परत जायला भीती वाटणार नाही. हे मी स्वतःच शोधून काढलंय. ताई येता-जाता तिच्यावरची धूळ पुसते आणि आत क्लॅरिनेट आहे ना ते बघते.

रविवारी येईन. नळी धुऊन ठेवायला सिस्टरला सांगा, म्हणजे लिहून द्या. आरसा ताई आणणार नव्हती, मी आणतो.

आज सकाळी मी खिडकीशी उभा राहून ओठ दुमडून बघितला. सूज नाही. कडा आत ओढल्या गेल्यात, मध्ये नुसती गुलाबी रेघ राहिलीय.

माझी भरत आली, अप्पा.